आधी दाखवा, मग छापा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली होती. 'हल्लीची पत्रकारिता' चालेल का, असंही विचारलं होतं. त्या विषयावर आपण सगळेच रोज जेवताना बोलतो, त्यासाठी वक्ता बोलावून हार घालायची गरज नाही. म्हणून आज मी पत्रकारांमधल्या सगळ्यांत धाकट्या, बहुतेक बिनपगारी आणि कुणीच फारसं मनावर न घेतलेल्या मंडळींबद्दल बोलणार आहे. महाविद्यालयांत, विद्यापीठांत शिकता शिकता वर्तमानपत्र चालवणारी मुलं-मुली. त्यांनी काय छापावं हे कोण ठरवतं? आणि त्यांना अडवलं तर न्यायालय काय म्हणतं?

माझी बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आहेत. ती मंडळी आपल्यापेक्षा शहाणी आहेत म्हणून नव्हे. तिथली मुलं या प्रश्नावर गेली पन्नास-साठ वर्षं कोर्टाची पायरी चढत आली, त्यामुळे अधिकाऱ्यांची सगळी कारणं तिथल्या निकालपत्रांत नोंदलेली सापडतात. आणि ही कारणं ऐकली की लक्षात येतं, मोजून तीनच आहेत. पैसे आमचे आहेत. आधी दाखवा, मग छापा. आणि उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. ही तीन वाक्यं तुम्ही कुठल्याही प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभं राहून ऐकू शकता, मग ते कॉलेज अलाबामात असो की अकोल्यात.

अलाबामापासूनच सुरुवात करतो. साल १९६७. ट्रॉय स्टेट हे सरकारी कॉलेज, आणि तिथल्या मुलांचं वर्तमानपत्र 'ट्रोपोलिटन'. कॉलेजचे प्रमुख राल्फ अॅडम्स यांनी एक नियम घालून दिला होता: राज्याच्या गव्हर्नरवर आणि विधिमंडळावर टीका करणारा अग्रलेख छापायचा नाही. कॉलेज सरकारच्या पैशावर चालतं, तेव्हा मालकावर टीका कशी करायची, असा हिशेब. गव्हर्नरची स्तुती केलेली मात्र चालत होती. म्हणजे राजकारण नको असं नव्हतंच, एकाच बाजूचं हवं होतं.

त्या वर्षी त्याच राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात मुलांनी एका चर्चासत्रासाठी पुस्तिका काढली. जग बदलतंय, तर जगात कोण काय म्हणतं ते सगळं त्यात होतं. एका लष्करी सेनापतीचं म्हणणं होतं, तसंच कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकल यांचं आणि एका कम्युनिस्ट कार्यकर्तीचंही होतं. आमदार खवळले. पण त्या विद्यापीठाचे प्रमुख फ्रँक रोझ मुलांच्या पाठीशी उभे राहिले. हे पाहून 'ट्रोपोलिटन'चा संपादक गॅरी डिकी याने रोझ यांची बाजू घेणारा अग्रलेख लिहिला. सल्लागार प्राध्यापकांकडे नेला. नकार. नकार देऊन ते थांबले नाहीत, त्या जागेसाठी त्यांनी दुसरा मजकूर सुचवला. विषय होता: उत्तर कॅरोलायनात कुत्री कशी पाळावीत.

हसू नका. हे निकालपत्रात नोंदलेलं आहे.

डिकीने कुत्री छापली नाहीत. अग्रलेखाचा मथळा ठेवला, त्याखालची सगळी जागा कोरी सोडली आणि त्या कोऱ्या जागेवर आडवा एकच शब्द छापला: 'सेन्सॉर्ड'. आणीबाणीत आपल्या काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच्या आठ वर्षं आधी, दक्षिण अमेरिकेच्या नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात एका मुलाने हेच केलं. पुढच्या सत्रासाठी कॉलेजने त्याला प्रवेश नाकारला. आरोप: अवज्ञा. शब्द नीट ऐका. 'खोटं लिहिलं' असा आरोप नाही, 'कुणाची बदनामी केली' असाही नाही. सांगितलेलं ऐकलं नाही, एवढाच.

खटला न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन यांच्यासमोर गेला. दोनच वर्षांपूर्वी सेल्मा ते माँटगोमेरी या ऐतिहासिक मोर्चाला ज्यांनी परवानगी दिली होती, तेच हे जॉन्सन. त्यांनी डिकीला परत घ्यायचा हुकूम केला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: कॉलेजने वर्तमानपत्र काढलंच पाहिजे असा कायदा नाही. पण एकदा काढलं, एकदा एका मुलाला संपादक नेमलं, की मग त्याने सरकारवर टीका केली म्हणून त्याला शिक्षणातून बाहेर काढता येत नाही. प्रवेश हवा असेल तर घटनेने दिलेला हक्क दारात ठेवून ये, असं सरकारी कॉलेज म्हणू शकत नाही.

मग डिकीचं काय झालं? तो ट्रॉय स्टेटला परत गेलाच नाही. त्यामुळे अपिलात वरच्या कोर्टाने प्रकरण निरर्थक झालं म्हणून तो हुकूमच रद्द ठरवला. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय, कारण या विषयातली सगळ्यांत अवघड गोष्ट कायदा नाही, कॅलेंडर आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो, प्रशासन जागेवरच असतं. अधिकाऱ्याला खटला जिंकावा लागत नाही, त्याला फक्त दीक्षान्त समारंभापर्यंत थांबावं लागतं.

डिकीनंतर दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, टिंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल दिला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ मुलांनी दंडावर काळी फीत बांधली होती. अभ्यासात ठोस अडथळा येत नसेल तर ती बंद करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल सगळ्यांना आवडतो. मुलं गोड, फीत काळी, निषेध मूक. आवडायला सोपा आहे. अवघड आहे तो १९७३ चा पॅपिश खटला. मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचंच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने आवारात एक वृत्तपत्र वाटलं. त्याच्या मुखपृष्ठावर पोलीस स्वातंत्र्यदेवतेवर बलात्कार करत आहेत असं व्यंगचित्र, आणि आत शिवीचा मथळा. विद्यापीठाने तिला काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध तीन मतांनी म्हणालं, सभ्यतेच्या नावाखाली विद्यापीठाला विचार बंद करता येणार नाहीत, ते कितीही किळसवाणे वाटले तरी.

त्याच वर्षी त्याहून अवघड प्रकरण झालं. नॉर्थ कॅरोलायनातलं एक कॉलेज, मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं. त्यांच्या 'कँपस एको'च्या संपादकाने लिहिलं की इथे गोरे विद्यार्थी येऊ लागलेत ते आम्हाला नकोत, आणि गोऱ्यांच्या जाहिराती आम्ही घेणार नाही. आता काय करायचं? कॉलेजच्या प्रमुखांनी पैसे बंद केले. वर्तमानपत्र भेदभाव शिकवतंय, हे कारण दिलं. ऐकायला ते कारण योग्य वाटतं. मलाही वाटतं. पण अपील न्यायालयाने सांगितलं, संपादकीय मत आवडलं नाही म्हणून निधी कापणं ही सेन्सॉरशिपच. प्रत्यक्ष भेदभाव केला, तर त्या कृतीवर जरूर कारवाई करा. मतावर नाही. या सभागृहातल्या कुणाला हा निकाल पचत नसेल तर मी समजू शकतो. पण सत्तेला हवा तो मजकूर छापायला हक्क लागतच नाही, परवानगी पुरते.

तर, पैसे आमचे. या वाक्यावर न्यायालयाने इतक्या वेळा उत्तर दिलं आहे की ते आता जुनं झालंय. १९७९ मध्ये 'मिनेसोटा डेली'ने परीक्षेच्या आठवड्यात एक विनोदी अंक काढला. धर्माची, चर्चची यथेच्छ थट्टा. लोक चिडले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने बंदी घातली नाही, ते शहाणे होते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या फीमधला वर्तमानपत्राचा हिस्सा ज्याला नको असेल त्याला परत मिळेल, अशी सोय केली. फक्त याच एका विद्यापीठ परिसरात. कारण काय, तर विद्यार्थ्यांना निवडीचं स्वातंत्र्य. किती छान! १९८३ मध्ये न्यायालयाने तो बुरखा काढला. हेतू अंकाची शिक्षा देण्याचा होता, बाकी सगळी भाषा.

पैशाची बाजू समजून घ्यायची तर याच्या उलट उदाहरण पाहा. 'स्टॅनफर्ड डेली' १९७३ पासून विद्यापीठापासून वेगळ्या संस्थेच्या मालकीची आहे. २०२२ मध्ये तिथे पहिल्या वर्षात शिकणाऱ्या थिओ बेकर या मुलाने विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लव्हीन यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या चित्रांबद्दल प्रश्न उभे करायला सुरुवात केली. चौकशी समिती बसली. जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. चौकशीत त्यांनी स्वतः फेरफार केल्याचं आढळलं नाही, पण निबंधांमधल्या चुका सुधारायला ते कमी पडले हे आढळलं. हेही सांगायला हवं, नाहीतर आपणही अर्धीच बातमी दिल्यासारखं होईल. आता विचार करा, पहिल्या वर्षाच्या मुलाची ही बातमी अध्यक्षांच्या कार्यालयातून मंजूर होऊन यायची असती, तर?

इथून माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो: आधी दाखवा. लेख छापून आल्यावर होणारी टीका, खटला, दंड, या सगळ्याला लेखक तोंड देऊ शकतो, कारण लेख लोकांसमोर असतो. छापण्याआधी कापलेल्या लेखाची बाजू कोण घेणार? तो कुणी वाचलेलाच नसतो. भांडायलासुद्धा पुरावा लागतो, आणि पुरावा टेबलाच्या खणात.

१९८३ च्या मे महिन्यात सेंट लुईसजवळच्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या 'स्पेक्ट्रम'ची दोन पूर्ण पानं काढून टाकली. त्यांत शाळकरी मुलींचं गरोदरपण आणि आईवडिलांचे घटस्फोट यांवर लेख होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने उभं राहिलं: शाळेच्या अभ्यासक्रमात निघणारं वर्तमानपत्र आहे, शैक्षणिक कारण असेल तर शाळा कापू शकते. एका तळटीपेत न्यायालयाने इतकंच म्हटलं की कॉलेजांना हे लागू होतं का, ते आज ठरवत नाही.

आज ठरवत नाही! या तीन शब्दांवर पुढची वीस वर्षं गेली. केंटकी स्टेट विद्यापीठाने मुलांचं वार्षिक छापून आल्यावर कुलूपबंद केलं. कारणं? मुखपृष्ठ जांभळं होतं आणि विद्यापीठाचे रंग हिरवा नि सोनेरी. फोटोंखाली नावं नव्हती. विषयसूत्र पसंत नव्हतं. २००१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, कॉलेजात हेझलवूडची कात्री चालणार नाही. तोपर्यंत अंकातल्या मुलांचं शिक्षण संपून काळ लोटला होता. त्या आधीच, २००० मध्ये, शिकागोच्या दक्षिणेला गव्हर्नर्स स्टेट विद्यापीठात एका डीनबाईंनी मुलांच्या 'इनोव्हेटर'च्या छापखान्यात फोन केला: मला दाखवल्याशिवाय पुढचे अंक छापू नका. लेखी काही नाही. एक फोन. आणि त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या धोरणात लिहिलं होतं की मजकूर मुलं ठरवतील, पूर्वपरवानगी लागणार नाही. २००५ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटलं, हेझलवूडची चौकट कॉलेजांनाही लागू होऊ शकते, आणि त्या वेळी कायदा स्पष्ट नव्हता, म्हणून डीनबाईंवर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही. म्हणजे इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत एक नियम, आणि शेजारच्या केंटकीत दुसरा. इलिनॉयच्या विधिमंडळाने २००७ मध्ये स्वतः कायदा करून आपल्या सरकारी कॉलेजांतली मुलं सोडवली. इंडियाना तशीच राहिली.

इंडियाना लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडियाना विद्यापीठाने मुलांच्या वर्तमानपत्राला सांगितलं की माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या छापील अंकात बातम्या नकोत, फक्त मेळाव्याची माहिती द्या. 'इंडियाना डेली स्टुडंट' हे १८६७ पासून निघणारं वर्तमानपत्र. त्यांच्या सल्लागाराने मुलांना हे सांगायला नकार दिला, तर त्याला कामावरून काढलं आणि छापील आवृत्तीच बंद केली. कारण अर्थातच आर्थिक. मग काय व्हावं? खेळाच्या मैदानावर ज्या पर्ड्यू विद्यापीठाशी पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर, तिथल्या 'एक्स्पोनंट'च्या मुलांनी खास अंक छापला, गाड्यांत भरला आणि ब्लूमिंग्टनला नेऊन वाटला. काही दिवसांत विद्यापीठाने छपाईला पुन्हा परवानगी दिली. मला या प्रकरणात त्या सल्लागाराचं जास्त कौतुक वाटतं. मुलांची नोकरी जात नाही. त्याची गेली.

खाजगी विद्यापीठांचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचा हात धरते, खाजगी संस्थेचा नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा करून ती भिंत आपल्यापुरती खाली आणली, बाकी बहुतेक ठिकाणी संस्थेची मर्जी. पण २०२५ मध्ये दिसलं ते वेगळंच. टफ्ट्स या खाजगी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रुमैसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीने 'टफ्ट्स डेली'त मार्च २०२४ मध्ये इतर तिघांबरोबर गाझाविषयी लेख लिहिला होता. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, साध्या वेशातल्या, तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी तिला रस्त्यावर धरलं आणि लुईझियानाच्या कोठडीत नेलं. ९ मे रोजी न्यायाधीशांच्या हुकुमाने ती सुटली. विद्यापीठाने नाही, संपादकाने नाही, थेट व्हिसा खात्याने लेख वाचला होता. ऑगस्टमध्ये 'स्टॅनफर्ड डेली'ने सरकारविरुद्ध दावा लावला. परदेशी मुलं नाव छापायला, काही विषयांवर लिहायला नकार देऊ लागली आहेत, ही त्यांची तक्रार. या सभागृहात असे किती आईवडील आहेत ज्यांचं मूल आज विद्यार्थी व्हिसावर तिकडे आहे? त्यातल्या किती जणांनी फोनवर 'तू कशात पडू नकोस हं' असं सांगितलं? मी हात वर करायला सांगणार नाही.

आता आपल्याकडे. आधी दाखवा हा हुकूम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जन्मल्याबरोबर पाहिला. दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकाला सरकारने सांगितलं होतं, जातीय प्रश्नांवरचा आणि पाकिस्तानविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी दोन प्रतींत तपासायला द्या. २६ मे १९५० ला न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्याच दिवशी मुंबईहून निघणाऱ्या डाव्या 'क्रॉस रोड्स'वरची मद्रासमधली बंदीही उठवली. उजवा आणि डावा, एकाच सकाळी. पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सरकारला निर्बंधांसाठी अधिक जागा मिळाली, हेही खरं. तरीसुद्धा ऐन आणीबाणीत, १९७६ मध्ये, मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'चे लेख अडवणारे सेन्सॉरचे हुकूम आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले.

आणि आपल्या महाविद्यालयाचा वार्षिकांक? कुठलाही उघडा. संस्थेच्या अध्यक्षांचा रंगीत फोटो. सचिवांचा त्याहून किंचित लहान फोटो. प्राचार्यांचं मनोगत. एनएसएसचा अहवाल, जिमखान्याचा अहवाल, गुणवंतांची यादी. मग आई, पाऊस आणि शिवराय यांच्यावर कविता. वसतिगृहातल्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. शिष्यवृत्ती का अडली यावर नाही. परीक्षेच्या निकालाला चार महिने का लागले यावर नाही. मुलांना हे प्रश्न पडत नाहीत? कट्ट्यावर जाऊन ऐका. पण प्रूफं आधी विभागप्रमुखांकडे, मग उपप्राचार्यांकडे, मग प्राचार्यांकडे जातात हे मुलांना पहिल्या वर्षीच कळतं, त्यामुळे कापावं लागत नाही. लिहिलंच जात नाही. आणि या सगळ्यानंतर पहिल्या पानावर छापलेलं असतं: अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही. अहो, तीन जणांनी वाचून, खुणा करून, सह्या करून छापलंय, आणि सहमत नाही?

कुणी स्वतंत्र वाट काढली तर काय होतं हे २०१५ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये दिसलं. मुलांनी ऑनलाइन साप्ताहिक काढलं. पहिल्याच अंकात प्राचार्यांची मुलाखत! बंडखोरी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मंजुरीआधी प्रसिद्ध केलं, एवढ्यावरून एका विद्यार्थ्याला निलंबित केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. आणि रेडिओचं तर विचारूच नका. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' असो की देशातलं कुठलंही सामुदायिक केंद्र, स्वतःच्या बातम्या द्यायला धोरणानेच मनाई. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुन्हा ऐकवायच्या. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने त्याच विद्यापीठाच्या केंद्रावरून त्याच विद्यापीठाची बातमी सांगायची नाही.

राहिलं तिसरं वाक्य. जबाबदारी आमच्यावर येते. हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही, कारण प्राचार्यांच्या नावाने नोटीस येते तेव्हा ती खरीच असते. पण या भीतीवरही अमेरिकेत उत्तर सापडलेलं आहे. बिंगहॅम्टनच्या सरकारी विद्यापीठात मुलांच्या वर्तमानपत्राने एक खोट्या सहीचं, बदनामीकारक पत्र छापलं. ज्यांची नावं त्यात होती त्यांनी राज्यावर दावा लावला. १९८१ मध्ये न्यायालय म्हणालं, पत्र बदनामीकारक आहे, मुलांनी खातरजमा केली नाही हेही खरं. पण मजकुरावर विद्यापीठाचं नियंत्रण नव्हतं आणि असूही शकत नव्हतं, म्हणून विद्यापीठ जबाबदार नाही. दोन वर्षांनी लुईझियानातल्या न्यायालयानेही तेच म्हटलं. म्हणजे आधी दाखवा म्हणणाऱ्यानेच स्वतःच्या गळ्यात जबाबदारी बांधून घेतलेली असते. प्रत्येक पान वाचून सही केली, तर मग प्रत्येक पानाचे धनी तुम्हीच.

आपल्याकडे हा हिशेब अजून कुठल्या न्यायालयात मांडला गेलेला मला माहीत नाही. त्यासाठी थांबायचीही गरज नाही. संपादक, मुद्रक, प्रकाशक ही नावं अंकावर छापावी लागतात, आणि बहुतेक वार्षिकांकांवर 'प्रकाशक: प्राचार्य' असंच असतं. एखाद्या महाविद्यालयाने यंदा मुलांचं संपादक मंडळ प्रकाशक म्हणून नोंदवावं. सल्लागार प्राध्यापकाने बदनामीचा कायदा दोन तासांत शिकवावा, विचारलं तर मत द्यावं, आणि प्राचार्यांना अंक इतर सर्वांबरोबर, छापून आल्यावर मिळावा. इथे समोरच्या रांगेत दोन-तीन प्राचार्य बसलेले मला दिसताहेत. व्याख्यानानंतर चहा आहे असं संयोजकांनी सांगितलंय. तिथे मी त्यांना गाठणार आहे.